पुढे पळणारे आकडे

मी एका जुन्या जीपचा जुना मीटर आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आताशा बोलायचाही कंटाळा येतो. माझी काच खरवडली आहे आणि तिला एक तडाही गेला आहे. पांढरे आकडे पिवळट झाले आहेत. अंधारात मला उजेड देणारे दोन दिवे होते. त्यातला एक कधीचा गेला, दुसरा मनात आलं तर लागतो. तरी तुम्ही आलाच आहात तर सांगतो. फक्त मधेमधे थांबलो तर मला घाई करू नका. घाईची माणसं मी पुष्कळ पाहिली.

तुम्ही मला ओळखता. रस्त्याच्या कडेला जीप उभी दिसली की तुम्ही काचेला नाक लावता, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात धरता आणि माझ्या तोंडावरचा शेवटचा आकडा वाचता. मग शेजारच्याला सांगता, "ही गाडी एकशेवीसनं पळते!" मित्रांनो, ती एकशेवीसनं एकदाही पळाली नाही. बालाघाट ते बैहर या रस्त्यावर, त्या घाटात, माणसं कोंबून भरलेली जीप कशी पळते ते तुमच्या आईवडिलांना विचारा. तो आकडा तिथे छापलेला आहे, एवढंच. पण तुम्ही इतक्या आनंदाने तो वाचायचात की मलाही बरं वाटायचं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी रस्ता मोजतो, पण समोरचा रस्ता मी कधी पाहिलेला नाही. माझं तोंड गाडीच्या आतल्या बाजूला आहे. मला दिसतो चालकाचा चेहरा, त्याच्यामागे बसलेली माणसं, त्यांच्या मांडीवरच्या पिशव्या, कोंबड्या, झोपलेली मुलं आणि जीपच्या मागच्या उघड्या भागातून मागे पडत जाणारा रस्ता. पुढे काय आहे ते मला चालकाच्या चेहऱ्यावरून कळतं. चाकं फिरली की एक तार माझ्या पोटात फिरते, त्या तारेवर माझी दातेरी चाकं फिरतात आणि मी खालच्या खिडकीतला किलोमीटरचा आकडा पुढे ढकलतो. मला यापलीकडे काही ठाऊक नसतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लांब टेबलावर आम्ही ओळीने पडलेले होतो. एका बाईने चिमट्याने माझा काटा उचलला आणि खिळीवर अलगद बसवला. तिच्यासमोर एक मोठा मीटर होता, आम्हा सगळ्यांचा गुरुजीच म्हणा ना. तिने मला त्याच्या शेजारी ठेवून फिरवलं, काढलं, काटा केसभर सरकवला, पुन्हा फिरवलं. गुरुजींशी माझं जुळलं, तेव्हाच तिने मला पुढच्या टेबलावर जाऊ दिलं. काटा नुसता हलतो एवढ्यावर ती बाई खूश होत नव्हती. आज आयुष्याच्या शेवटाला तिची फार आठवण येते.

पहिली काही वर्षं मी एका सरकारी खात्याच्या जीपमध्ये होतो. घनश्याम नावाचे चालक होते. रोज सकाळी खिशातून पिवळा कपडा काढून ते आधी माझी काच पुसत, मग स्वतःचा चष्मा. साहेब गाडीत बसले की ते म्हणत, "मीटर एकदम दुरुस्त है साहब." माझी स्तुती करणारं ते एकच वाक्य, पण ते रोज ऐकायला मिळायचं. मग खात्याने नव्या गाड्या घेतल्या. आमची जीप आवारात पावसात उभी राहिली, टायरांभोवती गवत वाढलं आणि शेवटी लिलाव झाला.

लिलावात जीप घेतली खेमराज रामटेके यांनी. त्यांचं गाव बैहरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जंगलात आत गेलेलं. सकाळी बैहरहून माणसं भरायची, बालाघाटच्या बसस्टँडजवळ उतरवायची, दुपारी परत. खेमराज म्हणजे अंगाने आडवा, आवाजाने मोठा आणि मनाने अगदी मऊ माणूस. म्हातारी बाई चढली की तिला पुढे बसवणार आणि तिची दुखणी घाट संपेपर्यंत ऐकणार. जीप घरी आणली त्याच दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर, डॅशबोर्डवर, बुद्धाची बोटाएवढी मूर्ती चिकटवली. ती मूर्तीही माझ्यासारखीच आत तोंड करून बसलेली. एवढी वर्षं आम्ही दोघांनी एकच दृश्य पाहिलं आहे. ती मात्र कधी दमलेली दिसली नाही.

मग एकदा घाटात माझी तार तुटली. काटा थरथरला आणि शून्यावर जाऊन पडला. आकडे जिथे होते तिथे थांबले. खेमराजनी मला एक टिचकी मारली, दुसरी मारली, मग म्हणाले, "जाऊ दे, कानानंच चालवतो." आणि खरोखर त्यांनी कानाने चालवली. इंजिनाच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. माझी गरज उरली नाही.

मित्रांनो, गाडी धावत असताना शून्य दाखवत बसणं कसं असतं ते तुम्हाला कसं सांगू? वारा आत येतोय, बायकांचे पदर उडतायत, मागे झाडं सरसर मागे जातायत आणि मी म्हणतोय की गाडी उभी आहे. माझ्या मागच्या पोकळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं. काचेवर धूळ बसली. एका पोराने तिच्यावर बोटाने स्वतःचं नाव लिहिलं, तेही मग धुळीत बुजलं. अशी कितीतरी वर्षं गेली. रागावण्याचीही एक ताकद लागते, ती हळूहळू माझ्यातून गेली.

माझं नशीब फिरलं ते आम्रपालीमुळे. आम्रपाली खेमराजची एकुलती एक मुलगी. उंच, सावळी, कमी बोलणारी, कपाळावर बारीकशी काळी टिकली. बारावीनंतर तिने घरी बसूनच अभ्यास केला आणि वनरक्षकाच्या भरतीची लेखी परीक्षा पास झाली. पुढची पायरी चालण्याची होती. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात चालून दाखवायचं. एक मिनिट उशीर झाला तरी नाव कापलं जाणार. ही भरती बऱ्याच वर्षांनी निघाली होती, पुढची कधी निघेल ते कुणालाच माहीत नव्हतं. नोकरी लागली तर ती इथेच, आपल्या जंगलात, आईबापाजवळ राहणार होती. नाही लागली तर नागपूरला मामाकडे जायचं आणि तिथे कुठल्याशा दुकानात कामाला लागायचं, असं ठरलेलं. गावातल्या बऱ्याच मुली तशा गेल्या होत्या आणि सणाला पाहुण्यासारख्या यायच्या. खेमराजना नुसत्या त्या विचारानेच जेवण जात नसे.

सराव करायचा तर अंतर मोजायला हवं. आम्रपालीच्या मोबाइलमध्ये चाललेलं मोजणारं काहीतरी होतं, पण त्यांच्या गावात टॉवर धड लागत नाही.

"काल मी घरी जेवत होती, अन् मोबाइल सांगते का मी नाल्यात हावो," ती जीपला टेकून म्हणाली. "याच्या भरोशावर कसा सराव करू, बाबा?"

खेमराजनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे पाहत होतं. त्यांनी बाहीने धूळ पुसली.

"याले दुरुस्त करतो ना मी," ते म्हणाले. "गाडीनं मोजून देतो तुले. एकदम पक्कं."

बालाघाटला बसस्टँडमागे लोकेशचं दुकान आहे. लोकेश गाड्यांचे मीटर दुरुस्त करतो. बोलका, हसरा, तोंडात सतत सुपारी. त्याने मला डॅशबोर्डमधून काढलं, कुंभारमाशीचं घर फोडलं आणि माझं पोट उघडलं. नवी तार त्याच्याकडे होती. पण आकडे फिरवणारं माझं एक छोटं प्लास्टिकचं दातेरी चाक वाळून तडकलं होतं.

"भाऊ, इस मॉडेल का चक्का तं आता कुठं भेटत नाही," लोकेश म्हणाला. "दुसऱ्या गाडीचा हाये एक. बसते का पाहू."

"बसव ना मंग. मले घाई हाये. पोरीची परीक्षा हाये."

"अरे, बसला तर चल जाएगा. टेन्शन मत लो."

चाक बसलं. मग लोकेशची जी पद्धत आहे, तसं त्याने केलं. जीप बाहेर काढली, चौकापर्यंत नेली, वळवून परत आणली. काटा उठला, खाली आला. आकडा एका घराने पुढे सरकला. दोघांचेही चेहरे उजळले. "काटा हलून राह्यला ना? बस्स!" असं म्हणून लोकेशने माझ्या काचेवर थाप मारली.

मला काय वाटलं म्हणून विचारता? मी आनंदाने वेडा झालो होतो. तार फिरत होती, चाकं फिरत होती, मी पुन्हा मोजत होतो. नव्या चाकाचे दाते जुन्यापेक्षा थोडे कमी आहेत आणि त्यामुळे माझे आकडे रस्त्याच्या पुढे पळतायत, हे मला कळायला वाव नव्हता. पोटात जेवढं फिरतं तेवढं मी सांगतो. आणि कारखान्यातले ते गुरुजी आता माझ्या शेजारी नव्हते.

दुसऱ्याच दिवशी खेमराजनी रस्ता मोजला. त्यांच्या अंगणापासून एक गाडीवाट निघते, नाला ओलांडते आणि साजाच्या झाडांमधून आत जाते. त्या वाटेवर किलोमीटरचे दगड नाहीत. खेमराज एक डोळा माझ्यावर ठेवून हळूहळू जीप चालवत होते. परीक्षेचं निम्मं अंतर माझ्यावर भरलं तेव्हा थांबले. तिथे एक मोहाचं झाड होतं. त्याच्या खोडाला त्यांनी चुन्याचा जाड पट्टा ओढला. अंगणातून त्या मोहापर्यंत जायचं आणि परत यायचं, की झाली परीक्षा.

त्यांची बायको गीता अंगणात धान वाळवत होती. तिला सांगितल्यावर तिने धान पसरता पसरता वाटेकडे पाहिलं.

"एवढं होते का हो ते? मोहा वेचाले मी तिथवर कितीक डाव गेली. मले तं तेवढं दूर नाही वाटत."

"तुह्या वाटण्यानं काय होते? मशीननं सांगतलं," खेमराज हसत म्हणाले. "नवीन तार हाये त्याच्यात."

मित्रांनो, माझं नशीब पाहा. घनश्यामजी गेल्यावर माझ्यावर कुणी एवढा विश्वास टाकला नव्हता, आणि टाकला तो नेमका तेव्हा.

मग सराव सुरू झाला. उजाडलं की आम्रपाली बुटांच्या नाड्या घट्ट बांधायची आणि निघायची. खेमराज दारात घड्याळ घेऊन बसायचे. पहिल्या दिवसांत ती उशिरा यायची, पायांना फोड आलेले असायचे. गीता तिचे पाय कोमट पाण्यात ठेवायची. हळूहळू वेळ कमी होत गेला. एक दिवस ती परतली तेव्हा ठरलेल्या वेळातली थोडी मिनिटं उरलेली होती. खेमराजनी अख्ख्या गावाला पुकारून सांगितलं. नंतर रोजच मिनिटं उरू लागली, अगदी थोडी, पण रोज. तिने चालीची एक लय पकडली. नाला कधी यायला हवा, मोह कधी दिसायला हवा, हे तिच्या अंगात बसलं होतं. जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येक माणसाला खेमराज सांगायचे आणि मग मला टिचकी मारायचे. "याची कमाल हाये. यानंच मोजून देल्लं." मागे बसलेले लोक माझ्याकडे कौतुकाने पाहायचे.

परीक्षेच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. आम्रपाली पुढे, खेमराजच्या शेजारी बसली होती. गीता निघताना म्हणाली होती, "पोहे खाऊन घे. भेऊ नोको." बालाघाटच्या बाहेर एका सरळ रस्त्यावर चालायचं होतं. टोकाला एक झेंडा, त्याला वळसा घालून परत यायचं. मुलींची गर्दी, छातीवर नंबर, शिट्टी, आणि त्या निघाल्या. पण हे सगळं मी खेमराजच्या तोंडून ऐकलं. ते शेजारच्या चालकाला सांगत होते. माझं तोंड आत होतं. मला दिसत होता फक्त त्यांचा चेहरा.

तो चेहरा मी विसरणार नाही. आधी तो प्रसन्न होता. ते चणे खात होते, हातातलं घड्याळ पाहत होते. पहिल्या मुली परत आल्या तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांचं चणे खाणं थांबलं. आम्रपालीची रोजची यायची वेळ झाली होती. त्यांनी मान पुढे काढली. वेळ टळली. ते खाली उतरले, पुन्हा चढले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून पुटपुटले, "येईल. येईल ना. रोज तं येते." मग कुठेतरी लांब शिट्टी वाजली आणि त्यांचा चेहरा असा रिकामा झाला की मला माझा काटा शून्यावर पडल्याचा दिवस आठवला.

आम्रपाली लंगडत आली. ती शिट्टीनंतर पोहोचली होती. फार नाही, जरासा उशीर. पण नाव कापलं गेलं होतं.

"काय झालं, बेटा?"

"झेंडा आलाच नाही लवकर," ती म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते. "माह्या हिशोबानं केव्हाच याले पाह्यजे होता. मले वाटलं, आज माहे पायच चालून नाही राह्यले. मंग मी भेली, अन् धावली. पोटरीत गोळा आला."

खेमराजनी सीटखालची बाटली काढली. तिला पाणी दिलं. आम्ही परत निघालो. त्या दिवशी त्यांनी एकही प्रवासी घेतला नाही.

घाट लागला. एरवी खेमराज घाटात मोठमोठ्याने बोलायचे, आज त्यांना मुलीच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. म्हणून ते माझ्याकडे पाहत होते. कडेला किलोमीटरचे दगड येत होते. मला ते दिसत नाहीत, पण खेमराजची मान प्रत्येक दगडाला जराशी वळायची. ते पूर्वीही तसंच करत असणार. पण आधी मी बंद होतो, आणि दुरुस्त झाल्यापासून त्यांनी माझं फक्त कौतुक केलं होतं. दगड आणि मी, दोघांकडे एकत्र त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

एक दगड गेला. माझा आकडा बदलला. पुढचा दगड यायच्या आधीच आकडा पुन्हा बदलला. खेमराजनी भुवया आवळल्या. त्यांनी वेग कमी केला. पुन्हा दगड, पुन्हा तेच. प्रत्येक दगडाबरोबर मी थोडा आणखी पुढे जात होतो.

त्यांनी जीप कडेला घेतली, उतरले आणि मागे चालत गेले. मागच्या उघड्या भागातून मला ते दिसत होते. नुकत्याच मागे पडलेल्या दगडापाशी ते गेले, त्यावर हात ठेवला आणि तिथेच मातीत बसले. आम्रपाली लंगडत त्यांच्यामागे गेली.

"बाबा, काय झालं? बसले काहून?"

"मीटर पुढं पळून राह्यला, पोरी."

"म्हंजे?"

"म्हंजे मोहाचं झाड तेवढं दूर नव्हतंच. तुही माय सांगत होती. मी तुले रोज कमी चालवलं." त्यांचा मोठा आवाज बारीक झाला होता. "तू कमी नाही पडली, बेटा. मीच कमी मोजून देल्लं."

आम्रपाली उभीच राहिली. परीक्षेच्या जागी तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आता ती रडली, ओढणी तोंडात धरून, खांदे हलवत. घाटातून एक बस हॉर्न वाजवत गेली. मग तिने डोळे पुसले आणि बापाच्या दंडाला धरलं.

"उठा, बाबा. गाडी वळणावर उभी हाये. कोणी ठोकून देईन."

गाडीत बसल्यावर खेमराजनी माझ्या काचेवर मूठ मारली. हा तडा तेव्हाचा. मला दुखलं नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याहून जास्त दुखलं ते पुढचं. आम्रपालीने कपाळावरची टिकली काढली आणि माझ्या आकड्यांच्या खिडकीवर चिकटवली. टिकली बारीक होती. शेवटचाच आकडा झाकला गेला. तेवढा पुरेसा होता.

"आता याच्याकडं पाहूच नोका," ती म्हणाली.

टिकलीखाली मी मोजत राहिलो. थांबणं माझ्या हातात नव्हतं. चाकं फिरली की मला फिरावंच लागतं, आणि प्रत्येक घर पुढे ढकलताना मला ठाऊक होतं की हे खोटं आहे. मित्रांनो, बंद पडलेली वर्षं त्याहून बरी होती.

काही दिवसांनी खेमराजनी मला काढून लोकेशच्या टेबलावर ठेवलं.

"काटा तं हलत होता ना, भाऊ?" लोकेशने विचारलं.

"काटा हलत होता. आकडे पुढं पळत होते."

लोकेशने मला उघडलं. सुईच्या टोकाने त्या प्लास्टिकच्या चाकाचे दाते मोजले. त्याचं सुपारी चघळणं थांबलं. "थोडे कमी हायेत," तो म्हणाला. "मले वाटलं, थोडासा फरक, कोण पाहते? जीपवाले काय दगड मोजत जातात?"

"माही पोरगी याच्या भरोशावर चालत होती," खेमराज म्हणाले.

खेमराजनी सगळं सांगितलं, ते लोकेशने मान खाली घालून ऐकलं. पुढे कित्येक दिवस तो माझ्याच जातीची मोडकी जीप शोधत फिरला. शेवटी कटंगीला एका भंगारवाल्याकडे त्याला ती मिळाली. तिच्या मीटरमधलं चाक धड होतं. त्याने ते माझ्या पोटात बसवलं आणि या वेळी चौकातून परत आला नाही. तो जीपमध्ये खेमराजच्या शेजारी बसला आणि घाटाच्या माथ्यापर्यंत प्रत्येक दगड मोठ्याने वाचत गेला. दगड आला, आकडा बदलला. दगड आला, आकडा बदलला. माथ्यावर त्याने नखाने टिकली खरवडून काढली. तिथे डिंकाचा डाग राहिला आहे, तो अजून आहे.

तोपर्यंत नागपूरचं ठरलं होतं. मामाने दुकानात सांगून ठेवलं होतं, आम्रपालीची पेटी भरली होती. जायच्या आदल्या दिवशी सकाळी ती बूट घालून अंगणात आली.

"बाबा, गाडी काढा. एक डाव खरं मोजून चालून पाहतो."

"आता कशाले, बेटा? पाय दुखवशीन."

"मले माहीत पाह्यजे ना."

खेमराजनी जीप काढली. गीता पुढे बसली, मांडीवर घड्याळ घेऊन. जीप अगदी हळू चालत होती आणि आम्रपाली तिच्यामागे चालत होती. मित्रांनो, माझं तोंड मागे आहे हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. एवढ्या वर्षांत मी किती रस्ता मोजला, पण तो रस्ता पायांनी चालणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. तिच्या कपाळावर घाम होता. जीपची धूळ तिच्या अंगावर येत होती. चुन्याच्या पट्ट्याचा मोह आला आणि मागे पडला. ती थांबली नाही. पुढे वाट चढाची होती. माझ्यावर निम्मं अंतर झालं तेव्हा खेमराजनी जीप वळवली. तीही वळली. परतीला तिचा श्वास मला इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येत होता. मी एकेक घर पुढे ढकलत होतो, आणि या वेळी ते खरं होतं.

अंगणात पूर्ण अंतर भरलं. खेमराजनी ब्रेक दाबला. गीताने घड्याळाकडे पाहिलं. तिने घड्याळ नवऱ्यापुढे धरलं. वेळ उरला होता. थोडा, पण उरला होता.

कुणी शिट्टी वाजवली नाही. कुणी नाव लिहून घेतलं नाही. आम्रपाली धापा टाकत पुढे आली, खिडकीतून वाकली, ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली आणि आकडे वाचले. "बरोबर हाये," ती म्हणाली, आणि हसली. खेमराज तोंड फिरवून उतरले आणि गोठ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला बालाघाटला सोडलं. नागपूरच्या बसमध्ये चढताना ती म्हणाली, "भरती निघाली का फोन करा, बाबा." त्याला आता बरेच दिवस झाले. भरती निघालेली नाही. खेमराज घाटात प्रत्येक दगडाला मान वळवतात आणि मग माझ्याकडे पाहतात. जुळलेलं असतं. तरी पुढच्या दगडाला पुन्हा पाहतात. पूर्वीसारखं मोठ्याने बोलत नाहीत.

मी आता फार दिवस टिकेन असं वाटत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. एवढं मागणं मात्र आहे. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं काही मोजणारं असेल, मीटर असो, घड्याळ असो, तराजू असो, तर त्याची धूळ पुसा, ते बिघडलं तर दुरुस्त करा. पण काटा हलला म्हणून तेवढ्यावर खूश होऊ नका. एकदा ते खऱ्या दगडाशी ताडून पाहा. मला पुढचा रस्ता दिसत नाही हो. त्या रस्त्यावर कोण चालणार आहे, ते तुम्हाला दिसतं.